निर्यातबंदीचा हंगाम : २०२४ च्या लोकसभेआधी नाशिकचा कांदा

कांद्याने सरकारं पाडल्याच्या ज्या गोष्टी आपल्याकडे सांगितल्या जातात, त्या बहुतेक दिल्लीच्या आहेत. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी महागलेला कांदा प्रचारात आणला. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्ली विधानसभा भाजपच्या हातून गेली, तेव्हा मुख्यमंत्री सुषमा स्वराज होत्या आणि पराभवाचं खापर कांद्याच्या भावावर फुटलं. दोन्ही वेळी चिडला होता तो कांदा खाणारा. २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यात चिडला तो कांदा पिकवणारा, आणि त्याची तक्रार बरोबर उलटी होती : भाव चढायला लागले की सरकार ते चढू देत नाही.

हे प्रकरण दिंडोरी लोकसभा मतदारसंघात सगळ्यात स्वच्छ दिसतं. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या मतदारसंघात दिंडोरी, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि नांदगाव हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, उमराणे, चांदवड, मनमाड या कांद्याच्या मोठ्या बाजारपेठा इथल्याच. २०१९ मध्ये भाजपच्या भारती पवार इथून जवळपास २ लाखांच्या मताधिक्याने निवडून आल्या, २०२१ मध्ये केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या आणि ४ जून २०२४ ला १ लाख १३ हजार मतांनी हरल्या. जिंकले भास्कर भगरे, पेशाने शिक्षक, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार. भगरे हेच आडनाव आणि तुतारी हे चिन्ह असलेल्या एका अपक्षाने त्याच मतदारसंघात लाखाहून जास्त मतं घेतली, आणि तरीही हा आकडा. शरद पवारांच्या पक्षाच्या ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाच्या भरवशावर आलेली किती मतं तिकडे वळली हे कोणी मोजू शकत नाही. फरक त्याहून मोठा असता, एवढं मात्र बिनधास्त म्हणता येईल.

पाच वर्षांत ३ लाख मतांचा उलटफेर. तो कांद्याने किती झाला आणि बाकीच्या कारणांनी किती, हा प्रश्न नंतर घेऊ. त्याआधी कांद्याचं नेमकं झालं काय, ते पाहायला हवं. प्रचारात ‘निर्यातबंदी’ हा एकच शब्द गाजला आणि त्याच्या आड बाकीचा तपशील हरवला.

दोन कांदे, दोन घड्याळं

मुंबई-पुण्याच्या वाचकाला कांदा म्हणजे कांदा. नाशिकला तो हंगामागणिक वेगळा. खरिपाचा लाल कांदा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बाजारात येतो, त्याच्या पाठोपाठ रांगडा येतो आणि मार्चपर्यंत चालतो. या दोन्हींत पाण्याचा अंश जास्त. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरून ठेवला तर मोड येतात, सडतो. शेतातून काढला, पात कापली, ट्रॅक्टरमध्ये टाकला आणि लिलावाला नेला, एवढाच त्याचा प्रवास. त्या दिवशी जो भाव पुकारला जाईल तो घ्यायचा. उन्हाळ कांद्याचं तसं नाही. मार्च ते मे दरम्यान निघणारा हा कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो, म्हणून शेतकऱ्याला थांबायची थोडी मुभा मिळते.

आता तारखा बघा. निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला लागू झाली आणि ४ मे २०२४ ला उठली. म्हणजे जो कांदा थांबू शकत नाही त्याचा जवळजवळ सगळा हंगाम बंदीत गेला, आणि जो थांबू शकतो त्याचा माल चाळीत भरायला लागल्यावर ती उठली. कोणी जाणूनबुजून असं केलं, असं माझं म्हणणं नाही. ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे किरकोळ भावाचा रोजचा तक्ता असतो. त्यात दिल्लीत, कोलकात्यात, चेन्नईत कांदा आज किती रुपये किलो आहे ते दिसतं. लाल कांदा किती दिवस टिकतो, हे त्या तक्त्यात नसतं. अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या विदेश व्यापार महासंचालनालयाची, शुल्क अर्थ मंत्रालयाचं, दबाव ग्राहक मंत्रालयाचा. कृषी मंत्रालय या साखळीत शेवटच्या बाकावर बसलेलं असतं.

फेब्रुवारी विसरला नाही कोणी

बंदीच्या आधी दहा महिने जे घडलं, त्याशिवाय हा राग कळत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये लाल कांद्याची आवक वाढली आणि भाव कोसळले. अनेक बाजार समित्यांत क्विंटलला चार-पाचशे रुपयेही मिळेनात. सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हाती हमाली-तोलाई आणि गाडीभाडं जाऊन २ रुपयांचा धनादेश आला, ती बातमी देशभर गेली. मार्चमध्ये किसान सभेचा मोर्चा दिंडोरीहून मुंबईकडे निघाला. त्यांच्या मागण्यांत कांद्याला क्विंटलमागे ६०० रुपये अनुदान ही एक होती. राज्य सरकारने शेवटी ३५० रुपये दिले, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत, आणि पैसे खात्यात यायला पुढे बरेच महिने लागले.

त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. खरिपाचा कांदा कमी येणार हे दिसत होतं, चाळीतल्या उन्हाळ कांद्याला भाव यायला लागला, आणि १९ ऑगस्टला केंद्राने ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. नाशिकमध्ये लिलाव बंद पडले. तीन दिवसांत केंद्राने २ लाख टन कांदा २,४१० रुपये क्विंटलने घ्यायचं जाहीर केलं. राज्याचे कृषिमंत्री धनंजय मुंडे त्यासाठी दिल्लीत पीयूष गोयल यांच्याकडे गेले होते, तर उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी जपान दौऱ्यावरून तीच घोषणा समाजमाध्यमावर टाकली. महायुतीतच श्रेयाची ही घाई. शेतकऱ्याची मागणी साधी होती : नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांनी बाजार समितीत उतरून, लिलावात बोली लावून खरेदी करावी. ती झाली बहुतांशी शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या खरेदी केंद्रांवर, प्रतवारीच्या अटी घालून. सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्यांनी जवळपास दोन आठवडे लिलावावर बहिष्कार घातला. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी भावात निर्यात करायची नाही. आणि डिसेंबरात थेट बंदी.

फेब्रुवारीत भाव पडले तेव्हा ‘बाजार आहे, काय करणार’ असं ऐकायला मिळालं. ऑगस्टात भाव चढले तेव्हा सरकार चोवीस तासांत हजर. गावोगाव लोक हेच बोलत होते. विरोधकांच्या भाषणाची त्याला गरज नव्हती.

सरकारची बाजू पोकळ नव्हती, हेही नोंदवायला हवं. २०२३-२४ चं देशाचं कांदा उत्पादन आदल्या वर्षीच्या ३०२ लाख टनांवरून २५५ लाख टनांपर्यंत घसरेल असा कृषी मंत्रालयाचा अंदाज होता, आणि त्यातली सर्वांत मोठी घट, ३४ लाख टनांची, एकट्या महाराष्ट्रात होती. दिवाळीच्या आसपास शहरांत कांदा ७०-८० रुपये किलो झाला होता. शहरातल्या मजुराच्या घरखर्चाचा विचार करणारं सरकार चुकीचं वागतं असं म्हणणं सोपं आहे, पण ते प्रामाणिक नाही. खटकतं ते दुसरं. एकाच्या ताटातला भाव खाली आणायचा तर त्याची किंमत सरकारी तिजोरीतून द्यायची की दुसऱ्याच्या शेतातून, हा निर्णय कुठेही उघडपणे चर्चिला गेला नाही. तो एका अधिसूचनेत झाला.

सवलती आल्या, पण कशा

बंदी लागली त्या आठवड्यात लासलगावला लाल कांदा साडेतीन-चार हजारांच्या आसपास विकला जात होता. महिन्याभरात तो निम्म्याच्या खाली गेला. ११ डिसेंबरला शरद पवार चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकऱ्यांसोबत रास्ता रोकोत बसले. भाजपने लगेच आठवण करून दिली की पवार केंद्रात कृषिमंत्री असताना, डिसेंबर २०१० मध्येही निर्यातबंदी झाली होती, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये किमान निर्यातमूल्य ११५० डॉलरपर्यंत नेलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. बंदी हे एका पक्षाचं हत्यार नाही; दिल्लीत जो बसतो तो ते उचलतो. २०१९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाला तीन आठवडे असताना बंदी आली होती. १४ सप्टेंबर २०२० ला परत आली, आणि मजा म्हणजे त्याच महिन्यात संसदेने अत्यावश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती करून कांदा-बटाट्यावरची साठामर्यादा सैल केली. शेतकऱ्याला बाजार मोकळा करून देतो म्हणायचं आणि बंदरावर फाटक लावायचं, दोन्ही एकाच पंधरवड्यात.

पण २०२४ मध्ये मतांवर जास्त परिणाम झाला तो बंदीपेक्षा ती उठवण्याच्या तऱ्हेचा, असं मला वाटतं. फेब्रुवारीच्या मध्यावर बंदी उठल्याची बातमी पसरली. सत्ताधारी पक्षाचे लोकप्रतिनिधी स्वागताची निवेदनं देऊ लागले. लासलगावात १७ फेब्रुवारीला १,२८० रुपये असलेला भाव १९ तारखेला १,८०० झाला. मग ग्राहक व्यवहार सचिवांनी खुलासा केला की ३१ मार्चपर्यंत बंदी कायम आहे. ज्यांनी दोन दिवसांत चढा माल घेतला ते व्यापारी अडकले, ज्यांनी जास्त भावाच्या आशेने ट्रॅक्टर थांबवला ते शेतकरी अडकले. २२ मार्चला, आचारसंहिता लागल्यावर, ‘पुढील आदेशापर्यंत’ अशी मुदतवाढ आली. ३१ मार्च ही तारीख धरून कांदा काढायचं नियोजन केलेल्यांना यापेक्षा वाईट काही ऐकवता आलं नसतं.

त्यानंतर एप्रिलमध्ये जे झालं ते कुठल्याही प्रचारप्रमुखाने स्वतःहून केलं नसतं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं मतदान २६ एप्रिलला होतं. २५ एप्रिलला केंद्राने २ हजार टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी दिली. तो कांदा गुजरातचा. टनांचा आकडा किरकोळ, पण ‘गुजरातचा कांदा चालतो, आमचा चालत नाही’ हे वाक्य दुपारपर्यंत निफाडपासून मंचरपर्यंत पोचलं. विरोधी पक्षांना काही लिहावंच लागलं नाही. दोन दिवसांनी सरकारने पत्रक काढलं की बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना ९९,१५० टन कांदा द्यायला परवानगी आहे आणि त्यातला बराचसा महाराष्ट्राचाच. शेतकरी संघटनांनी कागद काढून दाखवले की यातल्या बहुतेक परवानग्या आधीच्याच आहेत, आणि ही निर्यात खासगी व्यापाऱ्यांमार्फत नव्हे तर राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत होणार आहे. शिळी बातमी ताजी म्हणून विकल्याचा समज झाला आणि पत्रकाने राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

४ मे ला बंदी खरोखर उठली. सोबत ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क. याचा हिशोब पिंपळगावच्या कुठल्याही खळ्यावर लोक तोंडी करत होते : ५५० वर ४० टक्के म्हणजे २२०, एकूण ७७० डॉलर टन. रुपयांत किलोला ६४ च्या आसपास, वाहतूक वेगळी. लिलावात कांदा १५ ते २० रुपये किलो. दुबईच्या किंवा कोलंबोच्या व्यापाऱ्याने पाकिस्तानचा किंवा चीनचा स्वस्त माल सोडून हा का घ्यावा? भाव काहीशे रुपयांनी हलला, पण फाटक उघडून आत उंबरठा वाढवून ठेवल्यासारखं ते होतं.

प्रचारात काय बोललं गेलं

काँग्रेसने याचं धोरण म्हणून काही मांडण्याचा प्रयत्न केला होता. १४ मार्च २०२४ ला राहुल गांधींची न्याय यात्रा चांदवडला आली तेव्हा, शरद पवार व्यासपीठावर असताना, शेतकऱ्यांसाठीच्या पाच हमी सांगितल्या गेल्या. हमीभावाला कायद्याचा आधार, कर्जमाफीसाठी आयोग, ३० दिवसांत पीकविमा, शेतमालाचं आयात-निर्यात धोरण शेतकऱ्यांशी बोलून ठरवणं, आणि शेतीच्या निविष्ठांवरून जीएसटी काढणं. कांद्याच्या पट्ट्यात कामाची होती ती चौथी, आयात-निर्यातीची. पण तिच्यात एकही आकडा नव्हता. किती दिवस आधी सूचना देणार, शुल्क कुठल्या भावापुढे लावणार, बंदी लावलीच तर भरपाई कशी, यातलं काही नाही. भाजपच्या एप्रिलमधल्या जाहीरनाम्यात कांदा, टोमॅटो, बटाटा यांच्यासाठी उत्पादन समूह आणि साठवणुकीची भाषा होती. निर्यातीबद्दल या पट्ट्याला हवं ते उत्तर नव्हतं. दोन्ही बाजूंनी खरा प्रश्न टाळला. विरोधकांना तो टाळणं परवडलं, एवढाच फरक.

१५ मे ला पंतप्रधान मोदींची सभा पिंपळगाव बसवंतला झाली. भाषण चालू असताना गर्दीतून एका तरुणाने कांद्यावर बोला म्हणून आवाज दिला, घोषणा झाल्या, पोलिसांनी त्याला बाहेर नेलं. मोदी कांद्यावर बोललेही. कांद्याचा राखीव साठा आपल्या सरकारने सुरू केला, ही त्यांची बाजू. या पट्ट्यात राखीव साठ्याला शेतकरी फारसं चांगलं समजत नाहीत, कारण भाव चढू लागले की तोच साठा बाजारात उतरतो. सल्लागारांना हे माहीत नसेल असं नाही. पण सभेत एवढं सूक्ष्म कोण बोलतो! २० मे ला मतदान झालं.

निकालानंतर महायुतीच्या नेत्यांनी लपवाछपवी केली नाही. एकनाथ शिंदे यांनी जूनमध्ये जाहीरपणे सांगितलं की नाशिकमध्ये कांद्याने आणि मराठवाडा-विदर्भात सोयाबीन-कापसाने आम्हाला रडवलं. ऑगस्टमध्ये अजित पवारांनी आपली जनसन्मान यात्रा दिंडोरीतूनच सुरू केली.

मग सगळं श्रेय कांद्याला द्यायचं का? दिंडोरीत बरंचसं द्यावं लागेल. नाशिक मतदारसंघात ठाकरे गटाचे राजाभाऊ वाजे १ लाख ६२ हजारांनी जिंकले, पण त्यातले तीन विधानसभा मतदारसंघ शहरातले आहेत, तिथे कांदा पिकत नाही. महायुतीत उमेदवारीचा घोळ मे महिन्यापर्यंत चालला आणि हेमंत गोडसेंचं नाव अगदी उशिरा आलं, हे कारण जास्त जड. धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. बागलाणचा कांदा उत्पादक त्या मतदारसंघात आहे, पण त्यांना तारलं ते मालेगाव मध्यने एकगठ्ठा दिलेल्या प्रचंड आघाडीने. अहमदनगर, शिरूर, सोलापूर, धाराशिव या ठिकाणी मराठा आरक्षणाचं आंदोलन, राज्यघटना बदलणार ही भीती आणि दोन पक्षांच्या फुटीचा राग हे सगळं एकत्र होतं. शिवाय जळगाव आणि रावेर या शेजारच्या दोन जागा भाजपने आरामात राखल्या. कांद्याने अमुक इतक्या जागा घालवल्या, असा आकडा कोणी छातीठोकपणे देत असेल तर तो अंदाज समजावा.

सहा महिन्यांत काय बदललं

१३ सप्टेंबर २०२४ ला किमान निर्यातमूल्य काढलं गेलं आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आलं. विधानसभेची आचारसंहिता त्यानंतर महिन्याभरात लागली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लासलगावला कांदा चार-पाच हजारांच्या घरात गेला, शहरांत ६०-८० रुपये किलो झाला, आणि या वेळी बंदी आली नाही. शहरातला ग्राहक तोच होता, त्याच्या खिशाला बसलेला चटकाही तेवढाच. ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपयेही घरात येत होते. २० नोव्हेंबरच्या मतदानात नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला मिळाल्या. उरलेली मालेगाव मध्य एमआयएमकडे. दिंडोरी लोकसभेतल्या सहाही विधानसभा महायुतीच्या. महाविकास आघाडीला सहा महिन्यांपूर्वी ज्या पट्ट्याने डोक्यावर घेतलं, तिथे भोपळाही फोडता आला नाही.

मला यात मतदाराचा विसराळूपणा दिसत नाही. लोकसभेला त्याने एका सरकारच्या वागण्यावर मत दिलं, विधानसभेपर्यंत ते वागणं बदललं होतं. विरोधकांकडे त्याला बांधून ठेवणारं काही नव्हतं, कारण चांदवडच्या चौथ्या हमीत भर घालून तिचं धोरण कोणी केलंच नाही.

उरलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं. निर्यात पूर्ण खुली झाली. पण त्या वर्षीच्या पावसाळ्यात उन्हाळ कांदा चाळीत सडत होता आणि भाव पुन्हा हजार-बाराशेच्या आसपास घुटमळत होते. पीक भरपूर आलं होतं, आणि आपला सर्वांत मोठा गिऱ्हाईक बांगलादेश आता स्वतःच्या कांद्याला जपत आयातीचे परवाने तोलून-मापून देत होता. बंदीच्या काळात त्यांनी पाकिस्तानपासून तुर्कस्तानापर्यंत दुसरे विक्रेतेही शोधून ठेवले होते.